आत्यांच्या पातेल्याची कल्हई

मंगळवार, ४ मार्च
सासूबाई — आत्या — केमला बहिणीकडे. घर माझ्या ताब्यात! माळ्यावरचं त्यांचं पितळी पातेलं काढलं. आत काळपट पांढरा थर. मळच तो! चिंच, मीठ, तारेची घासणी आणि दोन तास माझा जोर. आतून पिवळंधमक झालं. सयाजीला म्हटलं, तुझ्या आईला जमलं नाही ते बायकोनं एका दुपारी केलं!

बुधवार, ५
त्यात कढी केली. हिरवट! तोंडात घालवेना. शेजारच्या कस्तुराबाईंनी पातेल्यात डोकावून कपाळावर हात मारला. "अगं, कल्हई खरवडलीस की! ती न्हाय तर पितळंत आंबट कळकतंय. तुझी सासू गोजरबाई तुला आता घरात घेती व्हय?"

आत्या रविवारी येणार. लग्नाला चार महिने झाले, माझ्या चहालासुद्धा अजून बरा म्हटलेलं नाही. भीती वाटते, खरंच. कढी ओतून दिली — पुरावा नष्ट!

शुक्रवार, ७
अर्धं सोलापूर पालथं घातलं, तेव्हा विजापूर वेशीजवळ कल्हईवाले महेबूबचाचा सापडले. पातेलं तापवलं, नवसागर टाकला, कथील लावून कापसाचा बोळा फिरवला — धुरातून पांढरंशुभ्र!

"कलई बोले तो कथील, बेटी. अरबी लफ़्ज़ है."

घरी येऊन कोश उघडला. चाचा बरोबर! अरबीत कलई म्हणजे कथील, तीच आपली कल्हई. काही जण म्हणे समुद्रापलीकडच्या कलह नावाच्या बंदराशी नातं जोडतात. मला तर वाटलं होतं, सासू-सुनांच्या कलहातूनच निघाला असणार हा शब्द.

रविवार, ९, दुपार
आत्या आल्या. आल्या आल्या पातेल्याकडे नजर!
"कुणी घासलं गं?"
"मीच की. नुसत्या चिंचेनं!"
सयाजी खोकत बाहेर पळाला. मी निर्लज्जपणे पोळ्या लाटत राहिले.

संध्याकाळ
आत्यांनी बहिणीला फोन लावला. "आईनं मरायच्या आदल्या साली लावून दिल्याली कल्हई, अजून तशीच हाय बघ! झिजंल म्हणून मी यात कदी काय शिजवलंच न्हाय." बोलता बोलता रडल्या. मग मला जवळ बसवून घेतलं आणि पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं. "आता हे तुझं."

मला मान वर करता येईना.