जोथम मास्तरांचा कान

१ जानेवारी १८४४, सोमवार
संकल्प. या वर्षी माझी ट्यून छापून येणार. बस्स. बाकीचे सगळे संकल्प यातच आले.
नाव 'टेनेसीची पहाट'. चार आवाजांची. आधी खर्जातले पुरुष सुरू करतात, मग एकेक आवाज मागून येऊन मिळतो आणि शेवटी सगळे मिळून स्वर्गाचं दार ठोठावतात. शब्दही माझेच. वीस वर्षं गावोगाव गाण्याचे वर्ग घेऊन दुसऱ्यांची भजनं शिकवली. आता माझं.
लॉरेल फोर्कच्या चर्चमध्ये आठ आठवड्यांचा वर्ग मिळालाय. बुधवार आणि शनिवार, दुपारी. चोवीस फेब्रुवारीला समारोपाचं जाहीर गायन. त्याला नॉक्सव्हिलहून मि. अल्वा डोरन्स येणार. भजनांचं नवं पुस्तक काढताहेत, चांगल्या ट्यून शोधत हिंडताहेत. मीच त्यांना पत्र घातलं. लिहिलं की अख्ख्या टेनेसीत जोथम वेदरेलसारखा कान दुसरा नाही. खरं ते लिहायला लाज कसली?
मुक्काम डीकन टॅकेट यांच्या घरी. चर्चचे कारभारी. माणूस भला, पण बोलताना ओठ फार कमी हलवतो. काय पुटपुटतो ते देवाला ठाऊक.

३ जानेवारी, बुधवार
पहिला वर्ग. एकतीस डोकी. फळ्यावर सुरांचे चार आकार काढले. फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी पत्त्यातल्या चौकटीसारखा. डीकन उभे राहिले. दोनदा म्हणायला लावलं तेव्हा कळलं. म्हणत होते, अहो मास्तर, देवाच्या घरात पत्ते कुठून आणलेत? वर्ग हसला. मीही हसलो. चेष्टामस्करीनं वर्ग जमतो.
गिडियन स्टॅम्पर म्हणून लोहार आहे. काय खर्ज! गायला लागला की मी टेकतो ते टेबल थरथरतं. बायका मात्र तोंडं उघडतात आणि आवाज काढत नाहीत. लाजतात. त्यांची पुढारी थँकफुल प्रूइट, विधवा, पस्तिशीची. वर्ग सुटल्यावर पार माझ्या कानाशी येऊन काहीतरी विचारलं. इतक्या जवळ! नजर धीट आहे बाईची.

१० जानेवारी, बुधवार
सूरकाटा, म्हणजे सूर घ्यायचा माझा दोन दातांचा लोखंडी काटा, बिघडलाय. टेबलावर आपटला, कानाला लावला, काही नाही. गंजला असणार. शेवटी मनानंच सूर दिला. वर्गानं भलताच धरला. मी थांबवलं, पुन्हा दिला. तेव्हा थँकफुलबाईंनी वर्गाकडे वळून ओठ मिटून काहीतरी गुणगुणल्यासारखं केलं आणि सगळे त्यांच्यामागे गेले. मी रागावणार होतो. पण त्या माझ्याकडे बघून इतकं हळवं हसल्या की राग गिळला.
उद्यापासून बायकांसाठी वेगळी प्रॅक्टिस. विषय : तोंडातून आवाज काढणे.

१३ जानेवारी, शनिवार
सूरकाटा ठीक आहे! सहज दांडा दातात धरला, आणि आपटल्याबरोबर डोक्यात 'ला' असा घणघणला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे काटाही चांगला, कानही चांगला. दोष इथल्या हवेचा. दरीत दमट हवा आहे, तीत आवाज चालत नाही.
आता दातात धरूनच सूर घेतो. बोलता येत नाही, लाळ गळते, पण विद्यार्थ्यांवर छाप पडते. गिडियन म्हणाला, मास्तर, घोड्याला लगाम बसतो तसा बसलाय तुम्हाला. त्याचं सगळं ऐकू येतं. माणूस स्पष्ट बोलतो. बाकीच्यांनी शिकावं.

१७ जानेवारी, बुधवार
इथले पक्षीसुद्धा सुस्त. डीकनच्या कुंपणावर लाल पक्षी बसला होता. चोच उघडतो, मिटतो, उघडतो. आवाज नाही. मिसेस टॅकेट माझ्याशेजारी उभ्या राहून कौतुकानं ऐकत होत्या. काय ऐकत होत्या कोण जाणे. मीही कौतुकानं मान हलवली. पाहुण्यानं हलवावी.

२० जानेवारी, शनिवार
आज 'टेनेसीची पहाट' पहिल्यांदा वर्गात. खर्ज आला, उत्तम. मग पुरुषांचा वरचा आवाज, जरा दुरून. मग बायका. आल्या असाव्यात. तोंडं तर उघडली होती.
संपल्यावर डीकनना विचारलं, कसं वाटलं? त्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, भरपूर. तोंड वाकडं का केलं समजलं नाही. दाढ दुखत असेल. 'भरपूर' हा शब्द मि. डोरन्सना लिहून कळवला.

२७ जानेवारी, शनिवार
थँकफुल प्रूइट यांच्याबद्दल विचार पक्का झालाय. मी एक्केचाळीस वर्षांचा, एकटा, गावोगाव फिरणारा. पुस्तक आल्यावर फिरावं लागणार नाही. ती दर वेळी माझ्या अगदी जवळ उभी राहते. आज तर माझी बाही धरून मला स्वतःकडे वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. प्रेमात माणूस असंच बोलतो. चेहऱ्याकडे बघताना शब्द कोण ऐकतं! मी म्हणालो, बाई, मी धन्य झालो. तिनं कपाळाला हात लावला. लाजली.

३१ जानेवारी, बुधवार
चर्चकडे जाताना मागून आलेली लाकडांची गाडी अंगावरच आली. गिडियननं कॉलर धरून ओढलं म्हणून वाचलो. गाडीवान थांबून दहा मिनिटं शिव्या देत होता, असं गिडियन म्हणाला. मला त्याची दाढी तेवढी हलताना दिसली.
सर्दी. दुसरं काय.
मिसेस टॅकेटकडून कांद्याचा रस मागून घेतला. तेलात कोमट करून दोन्ही कानांत. सर्दीला बरा असतो.

४ फेब्रुवारी, रविवार
सकाळी उठलो तर सगळं गप्प. म्हटलं बर्फ पडलं. बर्फ पडलं की जग असंच गप्प होतं. अंगात दोन कोट घालून बाहेर आलो. ऊन होतं. डीकनचा कुत्रा माझ्याकडे बघून जीव तोडून भुंकत होता. नुसता भुंकत असल्यासारखा दिसत होता.
परत आत गेलो. दार लावून सूरकाटा दातात धरला. ला. पुन्हा आपटला. ला. तासभर हेच. ओठ सुजलाय.
देवा, डोळे घे. पाय घे. एक पाय तरी घे. लाकडी पायाचे गानमास्तर मी पाहिलेत, छान शिकवतात.
(पाय नको. उगाच लिहिलं. कांद्याचा रस तीन वेळा करायचा.)

१० फेब्रुवारी, शनिवार
विचारलं! वर्ग सुटल्यावर थँकफुलला थांबवून सरळ म्हटलं, वेदरेल आडनाव तुम्हाला शोभेल. ती खूप वेळ बोलली. डोळे भरून आले होते तिचे. शेवटी माझा हात हातात घेऊन थोपटला. मी म्हणालो, मी धन्य झालो. तिनं मान जोरजोरात हलवली, आडवी. आनंदात कुणाची मान कुठे जाईल सांगता येत नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार
वर्गाच्या शेवटी गिडियन उभा राहिला. नेमकं आज मला पडसं झाल्यामुळे त्याचाही आवाज पोचला नाही. काहीतरी बोलून थँकफुलकडे बघून लाल झाला. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. माझ्या ट्यूनबद्दलच बोलला असणार, रसिक आहे. मी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. वर त्याला मिठी मारली. डीकननी डोळे पुसले.

२१ फेब्रुवारी, बुधवार
युक्ती सापडली. ओठ! प्रत्येक आवाज कधी येतो ते ओठांवरून दिसतं. खर्जाचे ओठ गोल, बायकांचे आडवे. आज पूर्ण ट्यून तशीच घेतली. कुठे चूक नाही. थँकफुल माझ्यासमोर बसते, ती हलकेच बोटानं ठेका धरते, तो बघून मी हात हलवतो. लोकांना वाटतं मी हात हलवतो म्हणून ती बोट हलवते. खरं तर तसंच आहे.
मि. डोरन्स शुक्रवारी पोचतात. बुटांना पॉलिश केलं. मी तयार आहे. कान असो नसो. म्हणजे कान आहेच.

२४ फेब्रुवारी, शनिवार
लिहायला बसलोय. सगळं लिहितो.
दुपारी दोनला चर्च खच्चून भरलेलं. मि. डोरन्स पहिल्या बाकावर, गुडघ्यावर वही. आधीची सहा भजनं निभावली. मग 'टेनेसीची पहाट'. सूरकाटा दातात, सूर दिला, हात उचलला. गिडियनचे ओठ गोल झाले. मग बाकीचे. सगळं बरोबर. थँकफुलचं बोट हलत होतं. मला वाटलं, ऐकू येतंय. खरंच वाटलं. छातीत घुमत होतं. म्हणून शेवटच्या कडव्याला मी डोळे मिटले. वीस वर्षांत एकदा तरी आपली ट्यून डोळे मिटून ऐकावी म्हणून.
आत ती पूर्ण वाजली. चारही आवाज. इतकी सुंदर मी कधी ऐकली नव्हती.
डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचे ओठ बंद होते. एकतीस माणसं गप्प माझ्याकडे बघत होती. माझा हात हलत होता. किती वेळ, ठाऊक नाही. वळून पाहिलं. मि. डोरन्स वहीत मान घालून बसले होते. मागच्या बाकांवर दोघंतिघं तोंडावर रुमाल धरून हलत होती.
मला हात खाली घेता येईना. खाली घेतला की सगळं संपलं.
तेव्हा थँकफुलनं वर्गाकडे बघून मान हलवली. सगळे उठून उभे राहिले आणि ओठ पुन्हा हलू लागले. शेवटचं कडवं, पहिल्यापासून. माझ्या हाताबरोबर. जणू तसंच ठरलं होतं. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. त्यांच्यातली निम्मी रडत गात होती.
मला काहीही ऐकू आलं नाही. मी बहिरा आहे. लिहिलं.

२५ फेब्रुवारी, रविवार
चर्चनंतर थँकफुल पाटी-पेन्सिल घेऊन आली, सोबत गिडियन. माझ्यासमोर बसून भराभर लिहीत गेली. लिहायचं, दाखवायचं, पुसायचं.
पहिलं : पहिल्या आठवड्यापासून सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. सूर मी देत होते. माफ करा.
दुसरं : डीकन तेव्हा 'भरपूर' नाही, 'बेसूर' म्हणाले होते. तुम्ही लिहिलेला बायकांचा सूर खर्जाशी भांडत होता. मी बदलून घेतला. तुम्हाला सांगितलं होतं, बाही धरून. तुम्ही म्हणालात, मी धन्य झालो.
तिसरं लिहायला वेळ लागला. दोनदा पुसलं. मास्तर, मी तुम्हाला नाही म्हटलं होतं. माझं आणि गिडियनचं एप्रिलात लग्न आहे. त्यानं वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या तुम्ही वाजवल्यात. आम्हाला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस!
मी म्हणालो, आहेच.
मि. डोरन्सचं विचारलं. त्यांना ट्यून आवडली होती. बायकांचा सूर तर फारच. छापायला तयार होते, पण थँकफुलच्या नावानं, कारण जे गायलं गेलं ते तिनं बसवलेलं. तिनं सांगितलं, मास्तरांचं नाव नसेल तर मिळणार नाही. ते सकाळी निघून गेले, ट्यून न घेता.
मी तिच्यावर ओरडलो. कसला मूर्खपणा बाई हा, द्यायची की! माझी म्हणून नाही, पण कुठेतरी कुणीतरी गायली असती! किती जोरात ओरडलो ते गिडियनच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं पाटी पुसली. मग मीच म्हटलं, आजच पत्र लिही त्याला. तुझं नाव घाल. ती रडायला लागली. मी उठून कोटाची बटणं लावत बसलो. बटणं लावलेलीच होती.

२ मार्च, शनिवार
पुढच्या हिवाळ्यातला वर्ग थँकफुल घेणार. मी फळ्यावर आकार काढून देणार, असं ठरलंय. माझे त्रिकोण चांगले येतात.
डीकन पाटी घेऊन आले. चर्चची घंटा वाजवायला माणूस हवाय. आधीचे गृहस्थ काम सोडून मुलीकडे राहायला गेले. कारण विचारलं. डीकननी लिहिलं : घंटेखाली उभं राहून कान गेले त्यांचे. मग खाली बारीक अक्षरात : तुम्हाला ती भीती नाही.
हो म्हटलं. तात्पुरतं. डोक्यात एक नवी ट्यून आहे. आत स्पष्ट वाजते.

१० मार्च, रविवार
सकाळी नऊ. दोर जड आहे, हाताला फोड आले. वीस वेळा ओढला. वर काय झालं कळायला मार्ग नाही. दोर घट्ट धरून दाराकडे बघत उभा राहिलो.
थोड्या वेळानं लोक आले.
म्हणजे वाजली असावी.