स्वयंपाकघर कोण मागतं

मंगळवार, ४ मार्च

चाललं एकदाचं! घरच्या कॉम्प्युटरला बाहेरून हाक मारता येत नाही, राउटर दाराशीच अडवतो. म्हणून उलटं केलं — घरच्या कॉम्प्युटरनेच बाहेरच्या सर्व्हरशी सॉकेट जोडायचं, म्हणजे एक थेट वाट उघडायची, आणि ती बंदच करायची नाही. मी ऑफिसातून कॅमेऱ्यांचं वेबपान उघडलं की मागणी त्या सॉकेटमधून घरी जाते, चित्र त्याच वाटेने परत येतं. सगळी मिळून थोडीशी जावास्क्रिप्ट. कॅमेरे दोन — एक आईच्या पलंगासमोर, एक स्वयंपाकघरात, कारण सांभाळणाऱ्या बाई गॅस चालू ठेवून जातात.

स्ट्रोकनंतर आईची वाचा गेली, एक हातही. मला ओळखते की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत.

पानाचा पत्ता दोघांनाच दिलाय, बाईंना आणि दादाला. दादा म्हणाला, "बघतो गं निवांत." त्याचं निवांत मला माहीत आहे.

शुक्रवार, ७ मार्च

बाई गेल्यावर घरात कुणाचा आवाज नाही. मिक्सर उगाच दोनदा फिरवला.

मंगळवार, ११ मार्च

जेवता जेवता मोबाइलवर आईची खोली मागितली. आली मीच! पाठमोरी, ताटावर वाकलेली, हातात मोबाइल. मागून किती म्हातारी दिसते मी.

मग डोकं चाललं. चूक माझीच. मागण्यांना क्रमांकच दिले नव्हते — जे उत्तर आधी येईल ते पहिल्या मागणाऱ्याला. एकटीच तर वापरणार, गोंधळ कसला, असं वाटलं होतं. आईच्या खोलीतला कॅमेरा मंद आहे. म्हणजे माझ्यामागोमाग कुणीतरी स्वयंपाकघर मागितलं, ते चित्र आधी पोचलं आणि मला मिळालं.

बाईंना फोन लावला. "ताई, घरी आल्यावर मला माझंच स्वयंपाकघर पुरतं हो."

म्हणजे दादा. दादा मला बघतो.

गुरुवार, १३ मार्च

चूक दुरुस्त केली नाही. केस विंचरून जेवायला बसले. एकटीसाठी दोन भाज्या — काय हा वेडेपणा. पण बरं वाटतंय. खूप बरं.

शनिवार, १५ मार्च

न राहवून दादाला फोन केला. "कुठलं पान? हां, ते... अगं, राहूनच गेलं. परत पाठव ना." मग नव्या गाडीबद्दल बोलत राहिला. मी हो-हो केलं. फोन ठेवला आणि नळ सोडून रडले, आईला ऐकू जायला नको म्हणून.

संध्याकाळी मागण्यांना क्रमांक दिले. आता कुणाचं उत्तर कुणाला जाणार नाही. बघणारं कुणीतरी परकंच असणार. उद्या पत्ता बदलायचा.

रविवार, १६ मार्च

जेवण जाईना. ताट तसंच टाकून आईजवळ जाऊन बसले. तिच्या चालत्या हातात टॅबलेट होता, बाई गाणी लावून देतात तो. पानही त्यांनीच दाखवलं असणार. पडद्यावर आमचं स्वयंपाकघर — माझी रिकामी खुर्ची, अर्धं ताट. आईने माझ्याकडे पाहिलं आणि त्या ताटावर बोट ठेवलं. मी उठेपर्यंत काढलं नाही.