सावेडीचा पहिला ब्रिटिश बँड

४ जानेवारी
बँड स्थापन. ब्रिटिश पद्धतीचा आर्ट-रॉक. जिल्ह्यात पहिलाच. गायक मी, गीतकार मी, संकल्पना माझी. ड्रमवर बजरंग, कीबोर्डवर देवश्री. दोघांना बजावलं, आपल्या गाण्यावर नाचायचं नसतं, विचार करायचा असतो. देवश्रीने विचारलं, कशाचा? नवीन आहे. शिकेल.

१९ जानेवारी
'शून्याचे अवशेष' पूर्ण. बावीस मिनिटं. बायकोला ऐकवलं. चौथ्या मिनिटाला कुकर लावायला गेली ती आलीच नाही. यापुढे तिला काहीही ऐकवणार नाही.

२० जानेवारी
पुन्हा ऐकवलं. झोपली.

८ फेब्रुवारी
संताप! सोसायटीवाल्यांनी बोंब मारली म्हणून सराव शनिशिंगणापूरला, बजरंगच्या घरी. घराला दार नाही, कोणीही येतं. माझा काळा अ‍ॅम्प्लिफायर ओट्यावर उभा ठेवला होता. दर्शनाला आलेल्या एका आजीने हात जोडून त्याच्यावर बाटलीभर तेल वाहिलं. अ‍ॅम्प खलास. मी ओरडलो. बजरंग म्हणतो, दादा, आजवर आपल्या गान्याला कुनी हात जोडलं हुतं का? अक्कल नावाची गोष्टच नाही.

१ मार्च
घोडेगाव. बजरंगच्या मावसभावाची हळद. पहिला कार्यक्रम. सातव्या मिनिटाला माझा माईक बंद पडला. पडला की पाडला? बजरंगने हलगी काढली, देवश्री गायला लागली आणि अख्खा मांडव नाचला. नवरदेवाचे आजोबासुद्धा! माझ्या बँडच्या कार्यक्रमात! अंगाचा नुसता तिळपापड.

२ मार्च, सकाळी ७
दोघांनाही काढून टाकलं. व्हॉट्सअ‍ॅपवर. ब्रिटिश बँड असेच फुटतात, अहंकारामुळे. या दोघांच्या. देवश्रीने उत्तरादाखल अंगठा पाठवला. आठ दिवसांत पाय धरत येतील.

१० मार्च
आले नाहीत. रागाने जेवलो नाही. मग जेवलो.

२३ मार्च
नालायक! कृतघ्न! त्यांना तीन लग्नं आणि एक जत्रा मिळाली. चौकात पोस्टर लावलंय, 'गायक पाहिजे'. मी ढुंकूनही बघणार नाही. पोस्टर फाडून घरी आणलं. पुरावा म्हणून.

३० मार्च
गेलो. त्यांना लाज वाटावी, एवढ्याचसाठी. माझ्याआधी चार जण बसले होते. देवश्रीने वहीत माझं नाव लिहून घेतलं. वयही विचारलं. मी 'शून्याचे अवशेष' सुरू केलं. बजरंग म्हणाला, दादा, दोन मिन्टात बसवा, मागं मानसं थांबल्यात. दीड मिनिटात बसवलं. शेवटी थोडा नाचलोही.
कळवतो म्हणाले. माझा नंबर आहे त्यांच्याकडे. तरी पुन्हा लिहून दिला.