ओढ्यापलीकडचा चेंडू

कोल्हापूर,
माघ वद्य तृतीया, शके १८३१

प्रिय कृष्णात,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत घालशील, अशी मला शंका आहे. गेलं वर्षभर मला शंकेशिवाय दुसरं काही सुचलेलंच नाही. तू काय जाणतोस आणि काय जाणत नाहीस, ते मला उमगत नाही. आणि जाणत असशील तर गप्प का राहिलास, ते त्याहून नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. त्यातलं बरंच तुला ठाऊक आहे. तरी शेवटपर्यंत वाच.

मी गोल्फ नावाच्या त्या गोऱ्या लोकांच्या खेळात अडकलो याची तू किती टिंगल करायचास! बांधकाम खात्यात नकाशे काढणारा मी, आणि आमच्या इंजिनिअर साहेबाला खेळायला जोडीदार मिळेना. एका रविवारी त्याने मला रेसिडेन्सीपलीकडच्या माळावर नेलं, ओल्या वाळूच्या चिमटीवर चेंडू ठेवला आणि हातात काठी दिली. माझा पहिलाच चेंडू रेघ ओढल्यासारखा सरळ गेला. साहेब हरखला. पण पुढे महिना दोन महिने झाले तरी चेंडू सरळच जाई, लांब काही जाईना. त्या माळावर शेवटच्या खळग्याच्या अलीकडे एक ओढा आहे. तो ओलांडायचा तर चेंडू एकशे साठ कदम हवेतून जायला हवा. माझा दर वेळी पाण्यात. साहेब म्हणाला, “तुझी नजर जागी आहे, काठी झोपलेली आहे. माघात बेळगावची मंडळी सामन्याला येतील. तोवर ओढा ओलांडलास तर तुला माझा जोडीदार म्हणून उतरवीन.” आपल्यातला माणूस तोवर त्या माळावर गवत कापायलाच काय तो गेलेला. मला त्या सामन्याचं वेडच लागलं, हे तुला वेगळं सांगायला नको.

जोर कमी पडतो असं वाटून मी आपल्या पेठेतल्या तालमीत करेलीचं जड लाकूड घुमवायला लागलो. दोन महिन्यांत दंड असे भरले की सदऱ्याच्या बाह्या उसवल्या, आणि चेंडू आधीपेक्षा दहा कदम अलीकडे पडायला लागला! माझी ती धडपड कोपऱ्यात बसून बादशहाभाई वस्ताद पाहत होते. दांडपट्ट्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, हे तू लहानपणापासून पाहत आलास. एके दिवशी त्यांनी विचारलं, “कसली लाकडं फोडायलायंस रं?” मी भीत भीत खरं ते सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, “चेंडू काय लाकूड हाय व्हय? ताकदीनं काठी जड हुती. वेग पायजे असंल तर हलकं हो. उद्या उजाडायच्या टायमाला नदीकडंच्या वीटभट्टीमागं ये. हितं नको. पट्ट्याचा हात सायबाच्या खेळाला शिकवतोय म्हटल्यावर पोरं मला तोंड वर काढू द्यायची न्हाईत.”

भट्टीमागे त्यांनी माझ्या हातात बोटाएवढा वेत दिला. चेंडू नाही, काही नाही. नुसता वेत फिरव आणि तो कुठे वाजतो ते ऐक, एवढंच. माझा वेत उजव्या कानामागे वाजे. ते म्हणत, “हितं वाजला म्हंजे सगळा वेग मागंच सांडला. म्होरं न्यायचं काय मग? डाव्या गुडघ्याच्या फुडं वाजला पायजे.” दहा वेळा फिरवला की सक्तीने खाली बसायचं. “दमला की हात खोटं बोलतो,” हे त्यांचं वाक्य. मग तितक्याच वेळा उलट्या अंगाने, डावखुऱ्यासारखा. मग माझी काठी, मग शिशाचा तुकडा बांधलेली जड काठी, आणि पुन्हा वेत. अनवाणी उभं करून ते माझ्या डाव्या टाचेवर आपला पाय ठेवत आणि सांगत, “मार खांद्यातनं न्हाय, ह्या टाचंतनं वर येऊ दे.” दिवाळी गेली तरी त्यांनी मला चेंडू दाखवला नाही. मला त्यांचाही संशय यायला लागला होता, हे आज कबूल करतो. वाटे, हे म्हातारबुवा आपली गंमत तर करत नाहीत ना? मार्गशीर्षात एका सकाळी वेत गुडघ्यापुढे असा सणसणला की भट्टीवरचे पारवे उडाले. त्याच रविवारी माळावर माझा चेंडू ओढ्याच्या पलीकडच्या काठाला लागून मागे पाण्यात घरंगळला. साहेबाने हॅट काढून हवेत उडवली.

ते दिवस कसले होते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तू चौकीवर कारकून. बॉम्बच्या संशयावरून गावात पोरांची धरपकड चाललेली. चार जण एकत्र बसले की पाचवा दारातून डोकावून जाई. काठी फिरवणारा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी डोळ्यांवर येत होता. आम्ही त्या वेळी भट्टीमागे जात होतो, हा शुद्ध वेडेपणा. एकदा राखेत वहाणांचे ठसे दिसले. वीटकरी अनवाणी असतात. दुसऱ्या दिवशी बांधावर छत्री घेतलेला एक माणूस उभा होता, पाऊस नाही, ऊन नाही. बादशहाभाई म्हणाले, “आसंल कोण तरी पावणं.” मला मात्र सगळीकडे डोळे दिसायला लागले. त्याच आठवड्यात तू चहा पिताना विचारलंस, “सकाळी सकाळी कुठं असतोस रं आताशा?” मी म्हणालो, नदीवर पोहायला. तू माझ्या केसांकडे पाहिलंस आणि म्हणालास, “नदी कोरडी दिसत्या.” आणि हसलास. तू पूर्वी असाच हसायचास. पण त्या दिवशी ते हसणं मला चौकीवरचं वाटलं.

पुढच्या सोमवारी तू भट्टीमागून बाहेर आलास. माझ्या मागावर आला होतास, आणि तसं स्वतःच सांगितलंस. मी अनवाणी, हातात वेत, बादशहाभाई माझ्या टाचेवर पाय देऊन उभे. तू इतका हसलास की खाली बसलास. “मला वाटलं बाई हाय, न्हाईतर बॉम्ब हाय. ह्यो तर चेंडू हाय की!” बादशहाभाईंनी तुझ्याकडून वचन घेतलं, की तालमीत कळू द्यायचं नाही. तू त्यांच्या पायाला हात लावलास. त्यानंतर बरोबर आठव्या दिवशी, सकाळच्या नमाजाहून परत येताना, पोलीस त्यांना घेऊन गेले.

आपली पेठ तुला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत तालमीत एकच प्रश्न होता: सांगितलं कुणी? तालीम चालवणाऱ्या केरबा वस्तादांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मी म्हणालो, भट्टीमागे आम्ही दोघंच असायचो. त्यांनी विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं? मी म्हणालो, आठ दिवसांपूर्वी कृष्णात येऊन पाहून गेला. एवढंच. यात खोटं एक अक्षर नव्हतं. पुढचं त्यांनी आपापलं जुळवलं. मी ते जुळताना पाहिलं आणि गप्प बसलो.

सामना झाला. बेळगावचे सहा जण होते, त्यांच्या बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या. ओढ्याशी आल्यावर सगळे थांबले, कारण साहेबाने माझ्याबद्दल बढाई मारून ठेवली होती. मी काठी फिरवली. चेंडू ओढ्यावरून असा गेला, कृष्णात, की पडलेला दिसलासुद्धा नाही. मागाहून कदम मोजले, एकशे एक्याण्णव भरले. टाळ्या झाल्या. एका गोऱ्या कप्तानाने माझा हात हातात घेतला आणि उलटून तळवा पाहिला, हा कुठे शिकला म्हणून. मी म्हणालो, स्वतःच. पुढे सामना आम्ही हरलो. जवळच्या जवळ चेंडू खळग्यात ढकलायचा तर माझा दर वेळी बाजूने निसटत होता. पण साहेब वर्षभर त्या एका फटक्याचीच गोष्ट सांगत फिरतो. मी त्या माळावर पुन्हा गेलो नाही. त्याला सांगितलं, खांदा दुखतो.

खांदा खरा दुखतो तो बादशहाभाईंचा. अकरा दिवसांनी त्यांना सोडलं, गावात राहायचं नाही या अटीवर. उजवा हात आता छातीच्या वर जात नाही. ते इचलकरंजीला मेहुण्याकडे राहतात आणि मागावरच्या सुताच्या कांड्या भरतात. श्रावणात मी तिथे गेलो होतो, हे कुणाला सांगितलेलं नाही. दारात अमीरबी भाभी आल्या. मला पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत. आत कांड्या भरायच्या रहाटाचा आवाज चालू होता, तो थांबला. भाभी म्हणाल्या, “त्ये भेटत न्हाईत कुणाला.” मी पाणी पिऊन भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघालो. मी कोपऱ्यापर्यंत जाईतो तो आवाज परत सुरू झाला नव्हता.

आणि तू. तुझ्या दाराला शेण फासलं, ते मी येता-जाता पाहिलं. न्हाव्याने तुझी हजामत करायचं नाकारलं. कागलच्या पाहुण्यांनी तुझ्या बहिणीचं, शालूचं, जमलेलं लग्न मोडलं आणि कारण सांगितलं नाही; सांगायची गरजही नव्हती. तू नोकरी सोडलीस, हुबळीला गेलास. स्टेशनवर तुला पोचवायला कोणी आलं नाही असं ऐकलं. मी त्या वेळी कचेरीत एका पुलाचा नकाशा रंगवत होतो. गाडीची शिट्टी ऐकली.

काल दुपारी धोंडुमावशी आमच्याकडे आल्या. पदरात लिंबं बांधून आणली होती, तुमच्या परड्यातली. जोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “ज्ञानू, तू त्येचा जिवाचा. मला कोण खरं सांगत न्हाई. माझ्या पोरानं केलं का रं ते? तू व्हय म्हण, न्हाई म्हण, मी मानती. मग पुन्यांदा इचारनार न्हाई.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लिंबं काढून एक एक ठेवत राहिल्या. मी म्हणालो, मला माहीत नाही मावशी. त्या “बरं” म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

मला माहीत आहे, कृष्णात. बादशहाभाईंना धरलं त्याच्या आदल्या दिवशी तू समन्स घेऊन कागलला गेला होतास आणि फौजदाराने मला बोलावलं होतं. काम भलतंच होतं, जुन्या नाक्याचा नकाशा हवा होता. नकाशा देताना त्याने माझे तळवे पाहिले. “नकाशे काढून असले घट्टे पडतात व्हय?” मी चेंडूचं नाव घेतलं असतं आणि त्याने साहेबाला विचारलं असतं, तर दोन शब्दांत मिटलं असतं. पण चौकीचा माणूस साहेबाच्या बंगल्यावर गेला तर सामन्यातून माझं नाव जाईल, एवढंच मला दिसलं. मी म्हणालो, बादशहा वस्ताद भट्टीमागे काठी शिकवतात, मी फक्त व्यायामाला जातो, बाकीची पोरं कशासाठी येतात मला ठाऊक नाही. बाकीची पोरं नव्हतीच. ती मी त्या क्षणी तयार केली, आणि अकरा दिवस ते बादशहाभाईंकडे त्यांचीच नावं मागत होते. माझी जबानी लिहून घेतली, खाली माझी सही आहे. असले कागद तुझ्याच टेबलावरून दप्तरात जात. तू तो पाहिलास आणि माझं नाव घेतलं नाहीस, अशी मला दाट शंका आहे. पण ते विचारायचा हक्क मला राहिलेला नाही. उद्या संध्याकाळी तालमीत सगळे जमतात तेव्हा मी हे उभं राहून सांगणार आहे आणि तिथून धोंडुमावशींकडे जाणार आहे. असं मी गेल्या वर्षात सात वेळा ठरवलं आणि सातही वेळा तालमीच्या पायरीवरून परतलो. माझा मला भरवसा नाही, म्हणून हे आजच टपालात टाकतो. शनिवारपर्यंत घरून तुला काही कळलं नाही तर मी आठव्यांदा परतलो असं समज, आणि हे पत्र घेऊन कोल्हापूरला ये. केरबा वस्तादांना वाचता येत नाही. तूच त्यांना मोठ्याने वाचून दाखव. कुणी नाकबूल जाऊ नये म्हणून खाली पुरं नाव लिहितो.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
ज्ञानदेव आण्णा चौगुले,
नकाशे काढणारा, बांधकाम खातं