पावलं कुणाच्या दाराशी

सिडनी, क्वारंटाइनचं हॉटेल. जुलै २०२०, शनिवार, संध्याकाळ.

टीव्हीवर चिनी बादशहाच्या रखेल्यांचे महाल दाखवत होते. दिवेलागणीला पावलं वाजली की बायका कान टवकारायच्या, आज आपल्याच दाराशी थांबू देत म्हणून. आमचं उलटं. आज टेस्टचे रिझल्ट. ज्याच्या दाराशी पावलं थांबतील तो पॉझिटिव्ह, त्याला हलवणार.

शेजारच्या खोलीतली शिल्पा फोनवर चिडवत होती, "काका, तुमच्याकडेच येणार ते. वय बघा!"

तेवढ्यात पावलं आली. मजल्यावरचे टीव्ही एकेक करून गप्प झाले. फोन आमच्या कानाशीच. पावलं माझ्या दाराशी रेंगाळली, पुढे सरकली. माझ्या तोंडून "हुश्श" निघालं.

मग टकटक. भिंतीतूनही, फोनमधूनही.

"काका?"

माझं हुश्श तिला ऐकू गेलं असणारच.