तुमच्या गाडीला बूस्टर

बाबा,

मी तुमच्या गाडीला ब्रेकचा बूस्टर बसवला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता, आणि तुम्ही समोर उभे असता तरी मी तो बसवलाच असता. डोणगावच्या गॅरेजवाल्या चाचांनी बसवून दिला, ज्यांना तुम्ही आयुष्यभर उलट बोललात त्याच चाचांनी. पेडलच्या पुढे बसणारा काळा गोल डबा आहे, लहान कढईएवढा. इंजिन चालू असलं की तो आतून ओढ लावतो आणि ब्रेक दाबायचं अर्धंअधिक काम स्वतः करतो. पाय नुसता ठेवला तरी गाडी थांबते. "ब्रेक पायात पाह्यजे, डब्यात नाही," असं तुम्ही म्हणायचात ना? आता तो डब्यात आहे. काय करायचं ते करा.

गाडी अजून तशीच आहे. मागे झोपायची फळी, फळीखाली स्टोव्ह, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. बीटी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात करत तुम्ही तीच घेऊन गावोगाव हिंडायचात आणि रात्री तिच्यातच झोपायचात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हट्ट करून बरोबर यायचे. आत्ताही दिसतंय मला. टपावरच्या भोंग्यातून कॅसेट वाजतेय, कुणी तरी शहरातली बाई अगदी शुद्ध भाषेत सांगतेय की आता अळीची काळजी सोडा, आणि पारावरचे लोक तिच्या बोलण्याची नक्कल करून हसतायत. तुम्ही स्टोव्हवर पिठलं हाटताय. तुमच्या हातचं पिठलं आईच्या पिठल्याहून चांगलं व्हायचं, हे मी आईला कधी सांगितलं नाही.

पण मला खरी ओढ असायची ती घाटाची. खामगावकडे उतरताना घाटमाथ्यावर तुम्ही गाडी न्यूट्रल करायचात, माझ्याकडे न बघताच म्हणायचात, "ओढ वं." मग मी दोन्ही हातांनी स्टॉपरचा दांडा ओढायचे आणि इंजिन बंद व्हायचं. डिझेल वाचवायची तुमची ती रीत होती. एकदम शांत व्हायचं सगळं. नुसता वारा, टायरांचा आवाज आणि वळणावळणावर सीटवरून अर्धवट उठून ब्रेकवर उभे राहणारे तुम्ही. खाली सपाटीला आलो की गिअर टाकून क्लच सोडायचात आणि गाडी धक्का खाऊन चालू व्हायची. तो दांडा ओढायचं काम माझं होतं, दादाचं नव्हतं, याचा मला केवढा तोरा होता.

आणि मग मी एकोणीस वर्षांची झाले, आणि बाजार समितीबाहेरच्या उतारावर तुमच्या परवानगीशिवाय त्या सीटवर बसले. ब्रेक दाबला. सगळं अंग लावून दाबला. गाडी तरी सरकत गेली आणि पुढच्या कापसाच्या बैलगाडीला टेकली. कुणाला काही झालं नाही. थोडा कापूस रस्त्यावर सांडला, तो मी भरूनही दिला. पण तुम्ही हमालांपुढे, शेतकऱ्यांपुढे, चहावाल्यापुढे ओरडलात, "तुह्या पायात तेवढा दम नाही! हे गाडी बाईच्या पायाची नाही. माह्या मागं भंगारात गेली तरी चालन, पण तू तिच्यावर बसायचं नाही." दादाला तुम्ही शिकवलंत. त्यालाही दोन पाय लावावे लागायचे, ते तुम्हाला दिसायचं नाही. आणि तुमच्या स्वतःच्या दमाचं काय सांगता मला? संध्याकाळी तुमच्या उजव्या गुडघ्यावर एरंडाचं पान गरम करून मीच बांधत होते, आईला कळू नये म्हणून मागच्या अंगणात.

चाचांनी तेव्हाच बूस्टरचं सुचवलं होतं. मी तिथेच होते. तुम्ही म्हणालात, "नवं काही सांगू नको मले. नव्याची जाहिरात मी लय केली." तुम्ही कशाबद्दल बोलताय ते चाचांना आणि मला ठाऊक होतं. अळी परत आली होती, पावसानं दगा दिला होता, आणि ज्या गावांत पोरं गाडीमागे धावायची तिथे लोक गाडी अडवून विचारायला लागले होते, "काऊन हो, ते कॅसेटवाली बाई कुठी गेली आता?" तुम्ही नुसते ड्रायव्हर होतात, बियाणं तुम्ही थोडंच बनवलं होतं. पण उत्तर तुम्हालाच द्यावं लागायचं. जाहिरातीचं काम बंद पडलं, ठेकेदारानं खटारा तुमच्याच गळ्यात मारला, आणि तुम्ही गाडीवरचं बोंडाचं चित्र स्वतःच्या हातानं निळ्या रंगानं पुसलंत. हे मी समजू शकते, बाबा. पण बोंडअळीचा राग तुम्ही ब्रेकवर काढलात, आणि ब्रेकवरचा माझ्यावर. ते मी समजून घेणार नाही. सगळं नवं खोटं नसतं. तुमचा गुडघा वाचला असता, आणि मला गाडी मिळाली असती.

तुमच्या मागे ती मी आता घेतलीच. दादा म्हणाला, "भंगारात देऊन टाक ना. काऊन जीव धोक्यात टाकून राह्यली?" मी म्हटलं, माझा जीव आहे. कापूस वेचणाऱ्या बायका लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात ना, हात ओरबाडू नयेत म्हणून? तसे शर्ट मी बायकांच्या मापाचे शिवते, दोन मोठे खिसे लावून. भोंग्याची मशीन ठेवायचात तिथे माझी शिलाई मशीन आहे. मेहकरच्या बाजारात ते शर्ट खपतात, पण वेचणीचा खरा मुलूख घाटाखाली, वरवट बकालकडे. तिकडचे बाजार करायचे तर मुक्कामाला गाडी हवी, आणि घाट उतरता यायला हवा. तो उतरता आला नसता तर दादा, तुम्ही आणि उतारावरचे ते सगळे लोक खरे ठरले असते. म्हणून बूस्टर.

चाचांनी किल्ली देताना बजावलं होतं, "बाई, एक ध्यानात ठेव. इंजिन चालू तर बूस्टर चालू. इंजिन बंद केलं का हा डबा निस्ता डबा. तुह्या बापासारखी घाटात गाडी बंद करू नको." मी म्हटलं, "मी काऊन बंद करीन?"

काल निघाले. घाटापर्यंत गाडी अशी चालली की मी गाणं म्हणत होते. पहिल्या वळणावर ब्रेक लोण्यासारखा लागला. दुसऱ्यावरही लागला. मग पुढे कापसानं भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर हळूहळू उतरताना दिसला, कापसावर बायका बसलेल्या, आणि मी पाय ठेवला तर पेडल दगड. तेव्हा कुठे मला ती शांतता ऐकू आली. नुसता वारा आणि टायरांचा आवाज. घाटमाथ्यावर माझ्याच हातानं स्टॉपर ओढला होता. डब्यात उरलीसुरली ओढ होती ती पहिल्या दोन वळणांत संपली होती.

मग मी सीटवरून उठले, बाबा. स्टिअरिंग धरून त्या पेडलवर उभी राहिले, मांडी थरथरायला लागली तरी सोडलं नाही. गाडी थांबली. ट्रॉली अगदी पुढ्यात होती. वरून एक बाई ओरडली, "काय वं बाई, आमच्यावर चढतं का आता?" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, रडत होते तरी. मग इंजिन चालू केलं आणि उरलेला घाट बूस्टरवर, एका पायानं, आरामात उतरले. बूस्टर मी काढणार नाही. पण तो नसतानाही गाडी थांबवली ती याच पायानं, बाईच्या. बाजार समितीबाहेरच्या त्या सगळ्यांना सांगा, तिकडे आले असतील तर.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. वरवट बकालच्या बाजारात गाडी उभी आहे, फळीवर बसून लिहितेय, गुडघ्याला एरंडाचं पान बांधलंय. चाचांना आणि दादाला स्टॉपरचं काहीच सांगणार नाही. तुम्हाला तेवढं सांगते. तो दांडा हात चुकून गेला म्हणून ओढला नव्हता. घाटमाथ्यावर गाडी न्यूट्रल केली आणि तुमच्या "ओढ वं"ची वाट पाहिली. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मग मीच म्हटलं.