तीच चाल, मायनरमध्ये

अण्णा, दादाच्या लग्नासाठी तुम्ही स्वतः चाल बांधली होती. मेजरमधली, हसरी, ऐकली की म्हाताऱ्यांचेही पाय हलावेत अशी. लष्करी बँडमध्ये शिकून आलात, उल्हासनगरात लग्नाच्या बँडचं दुकान टाकलंत, आणि प्रत्येक वाद्याचा कागद मात्र अंबरनाथच्या घरी माझ्याकडून उतरवून घेतलात. एक स्वर चुकला की बोटांवर फूटपट्टी. दादाने कधी पेन्सिलीला टोकही काढलं नाही. तरी ती चाल उतरवताना मी म्हटलं होतं, माझ्याही लग्नात हीच वाजवा. तुम्ही चक्क मान डोलावली होती.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागले आणि तो क्लास चालवणाऱ्या सिंधी मुलाशीच लग्न ठरवलं. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. लग्नाला येणार का, हे विचारायची आईचीही छाती नव्हती.

आणि एका दुपारी तुम्ही क्लासच्या दारात उभे. हातात त्याच चालीचे कागद. "अंकल, चाय तो लो," हा म्हणतोय, आणि तुम्ही माझ्याकडे बघून सांगताय, "ह्याच्याकडचं मी पाणीसुद्धा पिणार नाही. तुझ्या त्या डब्यात ह्या चालीचं मायनर होतं का? एका म्हाताऱ्याच्या मयताला बँड सांगितलाय."

स्वर लिहायचं सॉफ्टवेअर यानेच आणलं होतं. मी चाल भरली, मायनर निवडलं. गंधार, धैवत, निषाद एका फटक्यात कोमल झाले, हसरी चाल रडवेली झाली. तुम्ही पडद्याला नाक लावून म्हणालात, "वरच्या सा कडे जाताना नी शुद्ध पाहिजे. मशीनला अक्कल नाही, तुला तरी आहे ना?" मी एकेका वाद्याचा निषाद हाताने चढवला. तुम्ही माझ्याशी बोललात, एवढ्यावरच मी खूश होते.

लग्नाच्या दिवशी मी हॉलच्या वरच्या खोलीत नटून बसलेय. खाली वरात येते. आई खिडकीतून ओरडते, "अगं, आले तुझे अण्णा! लाल कोट घालून, सगळ्यांच्या पुढे! शेवटी बापाचं काळीज आहे." मी धावत खिडकीशी जाते. तुम्ही वर बघता, क्लॅरिनेट ओठांना लावता, आणि पहिल्याच ओळीत मला कळतं. म्हातारा नव्हता, मयत नव्हतं. तो मायनरचा कागद माझ्यासाठी होता. खाली याचे मामा नोटा ओवाळत नाचत होते, त्यांना काय कळणार? कळावं असं तिथे एकच माणूस होतं आणि तुम्ही खिडकीवरची नजर काढत नव्हतात. मी रडले. बायकांनी पाठवणीचं रडू समजून पदर पुढे केला.

तुम्ही गेलात त्यालाही आता वर्षं झाली. तुम्ही जिवंत असतात तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. कारण खरं सांगायचं तर दादाच्या लग्नातल्यापेक्षा ती चाल माझ्या लग्नात जास्त सुंदर वाजली, अजूनही भांडी घासताना मी तीच गुणगुणते, आणि हे कळल्याचा आनंद मला तुम्हाला द्यायचा नाही.